रंगवलेल्या कांड्या

मार्च सरला की आमच्या सोलापुरात ऊन कामाला लागतं. सकाळी आठलाच अंगणातली फरशी पायाला चटका देते, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. आणि नेमके हेच दिवस बघून आमच्या घरातल्या पोरांना दात यायला लागतात. माझ्या लेकाला उन्हाळ्यात आले, त्याच्या लेकीला उन्हाळ्यात आले, आता त्या लेकीचं सात महिन्यांचं कार्टं पुण्याहून आलंय तेही लाळेनं झबलं भिजवत. समोर येईल ते तोंडात. माझा चष्मा, रिमोट, आईची वेणी, भिंतीचा कोपरा. कोपरा तोंडात मावत नाही म्हणून परवा भोकाड पसरलं होतं.

माझी नात अनुजा मोबाइलवर त्याच्यासाठी चावायचं खेळणं शोधत बसते. शोधते म्हणजे काय, तासन्‌तास. "आज्जी, हे बघ, सिलिकॉनचं आहे, बीपीए-फ्री, आणि चार पॉइंट सहा स्टार आहेत याला."

"स्टार दिले कुणी? बाळांनी?" मी विचारलं.

ती हसली. मीही हसले. पण ती पुढे वाचायला लागली, "नॉन-टॉक्सिक कलर," आणि मी तिच्या हातातला मोबाइल ओढून ते चित्र डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. पन्नास वर्षं झाली, अजून हे असंच. बाळाच्या तोंडात रंगीत वस्तू दिसली की मी हातातलं काम टाकून आधी त्याच्याकडे धावते. घरातले म्हणतात, आज्जी फार भित्री. असू दे. भित्री तर भित्री.

बहात्तरच्या दुष्काळाला दोन उन्हाळे झाले होते. आम्ही शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. आम्ही म्हणजे मी, माझा सात-आठ महिन्यांचा लेक विजू आणि माझे सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. आमचे हे कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात कामाला. शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. सासऱ्यांना आमच्याकडे मामाच म्हणतात, मीही मामाच म्हणायची. डोक्याला पदर, समोर आले की उठून उभं राहायचं, नजर खाली. दिवसभर घरात बोलायला कुणी नाही. होतं ते पोर, आणि पोराच्या काळजीनं खदखदणारं माझं डोकं.

आता माझी भीती कुठून आली ते सांगते, नाहीतर म्हणाल बाई उगाच घाबरते. माझी थोरली बहीण, अक्का, मोडनिंबला दिलेली. आदल्या उन्हाळ्यात तिचं दहा महिन्यांचं पोर रक्ताच्या हगवणीनं दोन दिवसांत गेलं. मी तेव्हा पोटुशी होते, मला कुणी जाऊ दिलं नाही. तिकडून आलेल्या बायका काय काय सांगत होत्या, त्यातलं एकच वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. लंगोट लाल झाला आन दुसऱ्या दिवशी पोरगं गेलं. विजू झाल्यापासून मी त्याचा प्रत्येक लंगोट उजेडात धरून बघायची. रोज. धुवायच्या आधी एकदा, धुतल्यावर एकदा.

तेव्हाचं पोर सांभाळणं म्हणजे काय राबणं होतं, देवा! सकाळी तेल लावून अंग रगडायचं, टाळू भरायची, पसरलेल्या पायांवर पालथं घालून डाळीच्या पिठानं अंघोळ. मग शेगडीत ओवा टाकून धुरी. टाळूला वेखंड, डोळ्यांत काजळ, गालाला तीट. सहाणेवर बाळघुटी उगाळायची तर तिचे वेढे मोजून, जायफळाचा एक वेढा जास्त झाला तर पोर झोपून राहील ही भीती. आणि पोर नीट झोपलं तर? तर मी दुपारभर उठून उठून त्याच्या नाकाखाली बोट धरून बघायची, श्वास लागतोय ना. बोटाला ऊन हवा लागली की जीव भांड्यात पडायचा. मग पंधरा मिनिटांनी पुन्हा उठायचं.

खेळण्यांचं तर विचारूच नका. बारशाला चांगली टोपलीभर आली होती. मी एकेक घेऊन बसले. पत्र्याचा खुळखुळा होता, त्याची कड एका जागी उचकटलेली. पोराचा ओठ चिरेल. बाजूला. सेल्युलॉइडची बाहुली होती, तिचा वास मला आवडला नाही आणि असल्या बाहुलीनं कुणाच्या तरी घरी पेट घेतल्याचं मी ऐकलं होतं. बाजूला. दाबलं की वाजणारं रबरी बदक, त्याच्या पोटातली शिट्टी मी नखानं दोन मिनिटांत बाहेर काढली. मी काढते तर पोरानं का काढू नये? बाजूला. लाखेचा रंग दिलेला लाकडी भोवरा-बिवरा मी दातानं करकरून बघितला, रंगाची पापडी जिभेवर आली. थू! सगळं जत्रेतलं, मावशा-आत्यांनी हौसेनं दिलेलं, मी पलंगाखाली पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं.

शेजारच्या नरसम्माला हसू आवरेना. त्यांच्या घरात माग होता. ती दिवसभर चाकावर सुताच्या कांड्या भरायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी.

"अय्यो, पोराला काय नुसता वारा देणार गं तू खेळायला?"

"काही नको खेळायला. मी आहे ना."

"तू हाईस, पण तुला चावंल का ते?"

चावत होताच. माझे खांदे, हनुवटी, बोटं. हिरड्या सुजलेल्या, दिवसभर किरकिर, आणि चावायला काही मिळालं नाही की तो आपलीच मूठ कोपरापर्यंत तोंडात कोंबायला बघायचा.

मामा हे सगळं बघत होते. ते एका रंगखान्यात सुताला रंग देण्याचं काम करायचे. तीस वर्षं तेच. चादरीच्या काठाला लागतो तो लाल रंग त्यांच्या हातचा. हौदाच्या वाफेत उभं राहून, लांब काठीवर सुताच्या लडी उलट्यापालट्या करत, घाम पुसायचा तोही त्याच हातानं. त्यांचे हात कोपरापर्यंत तांबूस होते आणि नखं काळपट लाल, दिवाळीला उटणं लावूनसुद्धा तशीच. रंगाचा त्यांना भलता अभिमान. पेठेत कुणाच्या दोरीवर चादर वाळत दिसली की जाता जाता तिचा काठ चिमटीत धरून बघायचे, आणि आपल्या हातचा असला की मान हलवून पुढे जायचे. "आपला रंग सुटत न्हाय," एवढंच म्हणायचे.

एका रविवारी त्यांनी माझ्यापुढे एक माळ ठेवली. कांड्यांची. मागाच्या धोट्यात बसते ती लाकडी नळी म्हणजे कांडी, तिच्यावर बाण्याचं, म्हणजे आडवं विणायचं, सूत गुंडाळलेलं असतं. जुन्या, वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या पाच कांड्या त्यांनी आणल्या होत्या. टोकं कापून घासलेली, बोट फिरवलं तर कुसळ लागत नव्हतं. जाड सुती दोरीत ओवून गाठ मारलेली. आणि पाचही लालभडक. हलवलं की टकटक वाजायच्या, कानाला गोड.

"बघ सूनबाई. खिळा न्हाय, पत्रा न्हाय, मणी न्हाय. गिळायचं काय हाय त्यात? आन रंग म्हणशील तर माजा हाय. उकळत्या हौदात बुडवून काढल्यात, तीन पाण्यातनं खंगाळल्यात."

मी ओल्या अंगठ्यानं एक कांडी चोळली. अंगठा स्वच्छ. दोरी ओढून बघितली. पक्की. दातानं करकरून मात्र बघितली नाही. टोपलीभर खेळणी मी चावून तपासली आणि हे एकच नाही. सासऱ्यांनी स्वतः करून आणलेली वस्तू, आणि सुनेनं त्यांच्यासमोर तोंडात घालून तिची परीक्षा घ्यायची? ही काय रीत झाली? मला ते जमलं नाही. खरं सांगायचं तर तशी गरजही वाटली नाही. मामांचा रंग सुटतो असं म्हणणारा माणूस पेठेत मिळाला नसता.

विजूनं माळ धरली ती सोडलीच नाही. दोन्ही हातांनी एक कांडी आडवी तोंडात, डोळे अर्धे मिटलेले, लाळ गळतेय. किरकिर बंद. त्या दुपारी महिन्यात पहिल्यांदा मी उष्टं-खरकटं आवरून निवांत टेकले.

परवा अनुजाचं पार्सल आलं. ते सिलिकॉनचं कडं मी हातात घेतलं, धुतलं आणि सरळ तोंडात घालून चावलं.

"आज्जी! अगं काय हे! जंतू!" अनुजा किंचाळली.

"जंतूंना राहायला दात आहेत कुठे मला," मी म्हणाले. माझी कवळी खळखळली, अनुजा हसून हसून बेजार झाली. मी चांगलं पाच मिनिटं चघळलं आणि मग पांढऱ्या रुमालावर थुंकी पुसून खिडकीशी नेऊन बघितली. वय झालंय, चालायचंच, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

विजूला माळ देऊन आठ-दहा दिवस झाले असतील. नळाला पाणी सकाळी तासभर यायचं, त्या वेळात सगळं उरकायचं. मी नळाखाली घमेलं लावून विजूचे लंगोट सोडले आणि पाणी गुलाबी झालं.

मी हात बाहेर काढले. हाताला काही लागलंय का बघितलं. बांगडी पिचली असेल, बोट कापलं असेल. काही नव्हतं. मग एकेक लंगोट उचलला. तिसऱ्याला मधोमध लाल डाग होता. उजेडात धरला. लालच. शेजारी नरसम्माचं चाक चालू होतं, कुणीतरी बादलीसाठी भांडत होतं, आणि मला त्यातलं काहीसुद्धा ऐकू येईना. मी तिथेच ओल्या दगडावर बसले.

कुणाला सांगितलं नाही. हसाल तुम्ही, पण मला वाटलं, तोंडानं बोलले की खरं होईल. अक्कानं लाल लंगोट बघून घरात सांगितलं होतं आणि दुसऱ्या दिवशी खरं झालं होतं. मी तो लंगोट घासून घासून धुतला, डाग गेला, दोरीवर वाळत घातला. संध्याकाळी दुसरा लाल. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा.

आणि पोर हसत होतं! ताप नाही, हगवण अशी नाही, पोट मऊ. रांगत रांगत येऊन माझा पदर ओढत होतं. त्याच्या हसण्याचीच मला जास्त भीती वाटायला लागली. अक्काचं पोरसुद्धा आदल्या दिवशी हसत होतं म्हणे. मी त्याला छातीशी घट्ट धरून ठेवायची, इतकं घट्ट की ते गुदमरून रडायचं. रडलं की मी घाबरायची, आता पोटात कळ आली असणार. आणि त्याला गप्प करायला मी काय करायची? कांड्यांची माळ द्यायची. तो गप्प बसायचा, चोखत राहायचा. मी त्याच्याकडे बघत मनातल्या मनात सिद्धेश्वराला नवस बोलत राहायची.

तिसऱ्या दिवशी नरसम्मानं दोरीवरचे लंगोट बघितले. लंगोट स्वच्छ होते, पण एका दिवसात अकरा होते. ती चाक सोडून आत आली आणि माझा चेहरा बघून दारातच थबकली.

"काय झालं गं अम्मा?"

मी तिच्यापुढे घमेलं सरकवलं. तिनं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. तिच्या तोंडाचा पट्टा बंद पडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. "अंगावरचं बंद कर त्याला," ती म्हणाली, "पाणी पण नको. डाळिंबाची साल उगाळ." मी बरं म्हटलं. भर उन्हाळ्यात पोराला पाणी नको, दूध नको. तेव्हा असंच करायचे, आणि त्यातच किती पोरं वाळून गेली असतील, आता विचार केला तरी अंगावर काटा येतो.

तेवढ्यात मामा जेवायला आले. दुपारची सुट्टी असायची त्यांना. घमेलं दारातच होतं. ते वाकले, बघितलं, आणि एवढंच विचारलं, "कवापास्नं?"

"तीन दिवस," मी म्हणाले.

"तीन दिस? आन मला सांगितलं न्हाईस?" त्यांचा आवाज चढला नाही. "उचल त्याला. हे फडकं बी घे. चल."

अन्न तसंच झाकून ठेवून आम्ही निघालो. भर बाराचं ऊन. मामा पुढे, मी मागे, विजूच्या डोक्यावर माझा पदर, लंगोट वर्तमानपत्रात गुंडाळलेला माझ्या काखेत. डॉक्टर दोन गल्ल्या सोडून होते, पण तो रस्ता संपेना. विजू माझ्या खांद्यावर टकटक कांडी वाजवत होता. प्रत्येक पावलाला मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बघत होते, गार तर पडला नाही ना. उन्हात पोर गार कसं पडेल? पण मी बघत होते.

डॉक्टरांनी विजूला टेबलावर निजवलं, पोट दाबलं, जीभ बघितली, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. मग तो लंगोट उलगडला. "हा कधीचा?"

"सकाळचा," मी म्हणाले.

"सकाळचं रक्त आत्तापर्यंत तपकिरी पडायला पाहिजे होतं. हे तर गुलाबीच आहे." त्यांनी त्यावर थोडं पाणी ओतलं. लाल रंग पसरला, छान, चादरीच्या काठासारखा. "बीट खाऊ घातलं? टरबूज?"

"काहीच नाही हो. वरणाचं पाणी आणि अंगावरचं."

"मग तोंडात काय घालतो?"

आम्ही तिघांनीही एकदमच बघितलं. विजू टेबलावर उताणा पडून दोन्ही हातांनी कांडी चोखत होता.

मामा तटकन म्हणाले, "न्हाय डॉक्टर. त्यो माजा रंग हाय. चादर फाटंल, पण त्यो सुटायचा न्हाय."

"सुतावरून सुटत नसेल. हे लाकूड आहे, आणि त्यानं चावून चावून भुसभुशीत केलंय."

मामांनी विजूच्या हातातून माळ सोडवून घेतली. त्यानं गळा काढला. मामांनी कांडी उजेडात फिरवून बघितली. दाताच्या दोन कण्या लागलेल्या जागी लाकूड फिकट पडलं होतं. आणि मग त्यांनी ती कांडी आपल्या तोंडात घातली. सगळ्यांदेखत, लहान पोरासारखी. गाल आत ओढून चोखत उभे राहिले. मी तर पदर सांभाळायचंही विसरले होते. बऱ्याच वेळानं त्यांनी धोतराचा सोगा उचलला, त्यावर थुंकले आणि खिडकीशी गेले.

सोगा लाल झाला होता.

"सुटला," ते म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले असतील.

डॉक्टर मला म्हणाले, "बाई, पोराला काही झालेलं नाही. रंग पोटात गेला, तो बाहेर पडतोय. हे खेळणं बंद करा, दोन दिवसांत सगळं साफ होईल. अंगावर पाजा, उकळून गार केलेलं पाणी भरपूर द्या." मी काय केलं असेल? मी टेबलाच्या कडेला डोकं टेकून रडले. जोरात, लाजलज्जा सोडून. विजूचा पाय माझ्या कानाला लागत होता, मला किती बरं वाटत होतं म्हणून सांगू!

मी डोळे पुसत होते तेव्हा डॉक्टर मामांच्या हातांकडे बघत होते. किती वर्षं रंगखान्यात आहात, हात कशानं धुता, भाकरी तिथेच खाता का, असं काही विचारत होते. मग आवाज खाली आणून म्हणाले, "लघवीला लाल होतं?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी पोराला उचलून भिंतीकडे तोंड केलं. माझ्या पाठीमागे ते ओशाळून हसले. "रंगाऱ्याचं लालच असतंय की डॉक्टर. आमच्यात सगळे तसंच म्हणत्यात. आत जातंय ते भाईर पडायचंच."

"किती दिवस?"

"दोन वर्सं. वर न्हाय."

"रंगखाना बंद असतो, तेव्हा?"

मामांनी बोटांवर मोजलं. "दिवाळीत आठ दिस बंद हुता."

"मग तेव्हा?"

"तवाबी लालच."

"पोराचं दोन दिवसांत थांबेल म्हणालो ना मी. तुमचं आठ दिवसांत का थांबलं नाही?"

भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्याच्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र. मी त्या चित्राकडे बघत होते. माझ्या मागे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली होती. मामांनी ती घडी घालून टोपीच्या आत ठेवली.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. ह्यांनी रजा काढली, मामांना सोलापुरात दाखवलं, मग मिरजेला नेलं. उशीर झाला होता. मूत्राशयात गाठ वाढलेली होती. रंगानंच झाली का, हे तेव्हा कुणी छातीठोकपणे सांगितलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी असले काही रंग बंद झाले म्हणून मी ऐकलं. मिरजेला जायच्या आदल्या दिवशी मामा रंगखान्यात गेले आणि हौदाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारून आले, सुट्टीत बी लाल असतंय का रं तुजं? दोघांनी हो म्हटलं. त्या दोघांना त्यांनी स्वतः नेऊन डॉक्टरांपुढे उभं केलं. पुढच्या उन्हाळ्याच्या आत मामा गेले. विजू तोवर घरभर पळत होता. कांड्या मी डॉक्टरांकडून आलो त्याच दिवशी चुलीत घातल्या होत्या, पोराला नरसम्माकडे ठेवून, धूरसुद्धा त्याच्या नाकात जायला नको म्हणून.

अनुजाला हे कधी सांगितलं नाही. सांगायला गेले तर ती म्हणेल, बिच्चारे पणजोबा. तसे ते होतेच. पण माझ्या मनात राहिलंय ते वेगळंच, आणि ते कुणाला सांगायची माझी हिंमत झाली नाही. डॉक्टरांनी ते आठ दिवसांचं विचारलं तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभ्या मला सगळं समजलं होतं. मी खेड्यातली असेन, बुद्धू नव्हते. पोराच्या लंगोटात रक्त नव्हतं, रक्त मामांचं होतं. आणि माझा आनंद तसूभर कमी झाला नव्हता. पोराच्या टाळूला नाक लावून मी आत हसत होते. बापासारखा माणूस माझ्या पाठीमागे मरण ऐकत होता, आणि माझ्या मनात एकच चाललं होतं, माझं वाचलं, माझं वाचलं. तीन दिवस मी ज्या भीतीत काढले ती काहीच नव्हती, इतकी मी त्या क्षणी स्वतःला घाबरले.

आम्ही बाहेर आलो. दवाखान्याच्या पायरीला सावली होती, मामा तिथे टेकले. मी उभीच राहिले. खाली बसायची, त्यांच्या तोंडाकडे बघायची माझी छाती होईना. मला वाटलं, मी वर बघितलं की हा आनंद त्यांना दिसणार. मी विजूच्या झबल्यात तोंड खुपसून पुन्हा रडायला लागले.

"आता का रडतीस?" मामांनी विचारलं. "डॉक्टर म्हनला की, पोरगं ठणठणीत हाय."

"मामा, मला..." एवढंच म्हटलं आणि पुढे जमलं नाही. मला बरं वाटतंय, हे कसं म्हणायचं?

त्यांनी हात वर केले, विजूला मागितला. मी दिला. त्यांनी त्याला मांडीवर बसवला, टोपी काढून त्याच्या डोक्यावर सावली धरली.

"गप की गं," ते म्हणाले. "कळतंय मला. मला बी लई बरं वाटलं."